शिवणाच्या खोलीतली शाळा

पोलंडमधल्या क्राकोव शहरात काझिमिएझ नावाची जुनी ज्यू वस्ती आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथं एक तरुण शिंपीण बायकांचे कपडे शिवायची. गिऱ्हाइकं यायची, मापं द्यायची, बाही जराशी सैल वाटली तरी उसवून पुन्हा घालायला लावायची. सारा शेनिरर मुकाट्यानं उसवायची आणि पुन्हा शिवायची. पण तिच्या मनात एक प्रश्न घोळत असायचा: अंगावरच्या कापडासाठी इतक्या चोखंदळ असणाऱ्या या बायका स्वतःच्या मनाला काय नेसवतात? पुढं आपल्या आठवणींत तिनं हा प्रश्न लिहूनही ठेवला.

१९१७ साली सारानं शिवणकामाच्या या जागेत २५ मुली जमवून शाळा सुरू केली. दोन दशकांत तिच्या २०० हून जास्त शाळा झाल्या आणि त्यांतून ३५,००० च्या आसपास मुली शिकू लागल्या. 'बैस याकोव्ह' या नावानं ही चळवळ आजही अमेरिकेत, इस्रायलमध्ये आणि युरोपात चालू आहे.

मुलींसाठी शाळा काढली, त्यात एवढं काय, असं आज वाटू शकतं. पण तिच्या समाजात ही गोष्ट धर्मविरोधी ठरण्याचा पुरेपूर धोका होता. आणि तो धोका पत्करणारी बाई बंडखोर तर नव्हतीच, उलट आपल्या वर्गातल्या सगळ्यात सोवळ्या मुलींपैकी एक होती. हा पेच समजून घ्यायचा तर आधी ज्यू परंपरेतलं शिकणं म्हणजे काय, ते थोडं पाहायला हवं.

त्याआधी एक खुलासा. मराठी माणसाला ज्यू म्हटलं की अलिबागकडचे बेने इस्रायली आठवतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले, घरात मराठी बोलणारे लोक. त्यांच्या मुंबईतल्या इस्रायली शाळेची सुरुवात १८७५ मधली. १९०५ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या, हुजूरपागेत शिकलेल्या रेबेका रूबेन या १९२२ पासून जवळपास तीन दशकं त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. म्हणजे सारा क्राकोवमध्ये धडपडत होती, त्याच काळात मुंबईत एक ज्यू बाई ज्यू शाळेचा कारभार पाहत होती आणि त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. ज्यू समाज सगळीकडे एकसारखा नव्हता. साराचा समाज वेगळा होता: यिद्दिश बोलणारा, बहुतांशी हसिदी. हसिदी म्हणजे एखाद्या 'रेब्बे'ला गुरू मानून त्याच्या शब्दावर चालणारे लोक. साराच्या घरची निष्ठा बेल्झ गावच्या रेब्बेंच्या गादीवर होती.

आता मूळ मुद्दा. ज्यू धर्मात शिकणं हीच उपासना आहे. 'तोराह' म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, आणि जरा व्यापक अर्थानं सगळीच धर्मविद्या. तोराहचा अर्थ लावताना पिढ्यानपिढ्या झालेले वाद, दृष्टान्त, निवाडे यांचा अफाट संग्रह म्हणजे 'तालमूद'. पुरुषानं रोज थोडं तरी शिकायचं, हे कर्तव्य. म्हणून मुलगा तीन-चार वर्षांचा झाला की त्याला 'हेदर'मध्ये, म्हणजे गुरुजींच्या पाठशाळेत, बसवायचे.

आणि मुलगी? इथं तालमूदमध्येच दोन ऋषितुल्य माणसांची दोन मतं नोंदवलेली आहेत. बेन अझाई म्हणतो, बापानं मुलीला तोराह शिकवलीच पाहिजे. रब्बी एलिएझर म्हणतो, मुलीला तोराह शिकवणारा तिला जणू थिल्लरपणाच शिकवतो. दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी आहेत. पण पुढच्या शतकांत वजन पडलं ते एलिएझरच्या पारड्यात. बाराव्या शतकातला थोर धर्मशास्त्री मायमोनिडीस यानंही तेच मत उचललं, फक्त त्यात एक फट ठेवली: तोराहचा मौखिक भाग, म्हणजे तालमूद, शिकवणं हा तो थिल्लरपणा; लिखित भाग, म्हणजे बायबल, शिकवणंही बरं नव्हे, पण शिकवलं तर त्याला तो दोष लागत नाही. ही फट लक्षात ठेवा. सातशे वर्षांनी एक शिंपीण त्यातूनच आत शिरली.

म्हणून मुली अडाणी राहायच्या का? तसं नव्हे. त्यांचं शिक्षण स्वयंपाकघरात व्हायचं. मांस आणि दुधाची भांडी वेगळी कशी ठेवायची, शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे कसे लावायचे, पासओव्हरच्या सणाआधी घरातला खमिराचा कण न् कण कसा काढायचा, हे सगळं आईच्या हाताखाली यायचं. आपल्याकडे सोवळं-ओवळं, कुळाचार जसे पुस्तकाशिवाय आजीकडून नातीकडे आले, तसंच. भोवतालचं जग स्थिर होतं तोवर हे पुरेसं होतं.

मग ते हललं. क्राकोव तेव्हा गॅलिशिया प्रांतात, ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या राज्यात होतं. १८६९ च्या कायद्यानं ऑस्ट्रियात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. धार्मिक ज्यू बाप बिथरले. मुलांना सरकारी शाळेत घातलं तर हेदर सुटणार. म्हणून त्यांनी पळवाटा शोधल्या, वेळ पडली तर दंड भरला, पण मुलगे पाठशाळेतच ठेवले. कायद्याचं तोंड बंद करायला मग मुली पाठवल्या. मुलींवर तोराह शिकण्याचं बंधन नव्हतंच, त्यामुळे त्या पोलिश शाळेत गेल्यानं काही बिघडत नाही, असा हिशेब.

माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मूळ या हिशेबात आहे. मुलग्यांभोवती भिंत बांधली आणि मुलींच्या बाजूला साधं दारही लावलं नाही, कारण तिथून काही चोरीला जाईल असं कुणाला वाटलंच नाही. परिणाम असा झाला, की एकाच घरात भाऊ तालमूदची जुनी अरमाईक भाषा वाचत होता आणि बहीण पोलिश कवींच्या ओळी पाठ म्हणत होती. त्याला पोलिश धड बोलता येत नव्हतं, तिला प्रार्थनेच्या हिब्रूचा अर्थ कळत नव्हता. सतरा-अठराव्या वर्षी तिचं लग्न अशाच एखाद्या तालमूद शिकणाऱ्या मुलाशी ठरायचं. तिला तो परका वाटायचा, आणि घरचा धर्म म्हणजे नुसता 'हे करू नको, ते करू नको'चा पाढा.

काही मुली पळाल्या. क्राकोवच्या फेलिशियन या कॅथलिक पंथाच्या जोगिणींच्या मठात आसरा घेऊन ख्रिस्ती झालेल्या ज्यू मुलींची प्रकरणं त्या दशकांत गाजत होती. १८९९ च्या अखेरीस मिखालिना आराटेन ही श्रीमंत हसिदी घरातली किशोरवयीन मुलगी घरातून निघून या मठात गेली. तिच्या बापानं पोलीस, न्यायालय करत थेट सम्राट फ्रान्झ योसेफपर्यंत दाद मागितली. मुलगी काही परत मिळाली नाही. बऱ्याच मुली इतक्या टोकाला गेल्या नाहीत; त्या घरातच राहिल्या आणि मनानं बाहेर पडल्या.

धर्मगुरूंना हे दिसत नव्हतं असं नाही. १९०३ साली क्राकोवमध्येच रब्बींची परिषद भरली. तिथं एका रब्बीनं उठून सांगितलं, की मुलींच्या धर्मशिक्षणाची काहीतरी सोय करायला हवी. सभेनं ते फेटाळलं. त्या वेळी सारा वीस वर्षांची होती आणि त्याच शहरात शिवणकाम करत होती.

तिचा जन्म १८८३ चा. पोलिश शाळेत ती आठ वर्षं शिकली. धर्मावरची तिची ओढ बघून वर्गातल्या मुली तिला 'हसिदका' म्हणून चिडवायच्या, म्हणजे 'आली बघा सोवळी'. शाळा सुटली ती कायमची. घरी पैशांची चणचण, म्हणून सुई हातात आली. दिवसभर शिवण आणि रात्री वाचन. पहिलं लग्न १९१० मध्ये झालं. नवरा तिच्याइतका धर्मपरायण नव्हता, ते टिकलं नाही, घटस्फोट झाला. मूलबाळ कधीच झालं नाही.

तिच्या आठवणींत एक प्रसंग आहे. एका शुक्रवारी संध्याकाळी चुलतबहिणीबरोबर ती ज्यू तरुणींच्या एका मंडळाच्या सभेला गेली. शब्बाथ सुरू झालेला. या वेळी ज्यू माणूस आग पेटवत नाही, दिवाही लावत नाही. आणि मंडळाच्या एका कार्यकर्तीनं सहज उठून दिवा लावला. धर्मवंत घरातल्या या मुली. यांचे वडील त्या क्षणी शब्बाथच्या जेवणावर आशीर्वाद म्हणत असतील. सारा हादरली. पण तिच्या लिहिण्यात त्या मुलींवर राग नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तिला दिसलं ते असं: यांना कुणी काही शिकवलंच नाही. सणासुदीला गाड्या भरभरून बाप आणि मुलगे रेब्बेंच्या गावाला जातात, तिथं गाणी, नाच, प्रवचनं, भारलेलं वातावरण. मागे राहतात बायका आणि मुली. त्यांचा सण रिकामा जातो. जे पोट भरलेलंच नाही, ते बाहेरचं खाणार.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि रशियन फौजेच्या भीतीनं हजारो ज्यू गॅलिशियातून व्हिएन्नाला पळाले. त्यांत सारा होती. तिथल्या श्टुम्परगासे या रस्त्यावरच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिरात, हनुक्काच्या सणाला ती गेली. रब्बी मोशे फ्लेश प्रवचन देत होते. विषय होता ज्युडिथ, शत्रूच्या सेनापतीला मारून गाव वाचवणारी ज्यू स्त्री. समोर बसलेल्या बायकांना उद्देशून ते बोलत होते, तुम्हीही असा पराक्रम करू शकता असं सांगत होते. बायकांना उद्देशून प्रवचन! सारानं जन्मात असं ऐकलं नव्हतं. फ्लेश जर्मन परंपरेतले होते. फ्रँकफर्टला रब्बी सॅमसन राफाएल हिर्श यांनी १८५३ मध्येच धर्म आणि आधुनिक विद्या एकत्र शिकवणारी शाळा काढली होती आणि तिथं मुलीही होत्या. सारा रोज त्या प्रवचनांना जाऊ लागली, वही भरू लागली.

क्राकोवला परतल्यावर तिचा पहिला प्रयत्न फसला. तिनं तरुणींसाठी व्याख्यानं आणि छोटं वाचनालय सुरू केलं. मुली आल्या, ऐकलं, काही जणी मागे हसल्या. वीस वर्षं एका वळणावर गेलेलं मन चार भाषणांनी वळत नाही, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिनं ठरवलं, लहान मुलींपासून सुरुवात करायची.

आणि इथं तिनं जे केलं, त्यावरून तिची समज दिसते. वर्ग भरवण्याआधी तिनं परवानगी मिळवली. भावानं आधी तिची थट्टा केली, असल्या भानगडीत पडू नको म्हणाला, पण मग तोच तिला मारिएनबाडला घेऊन गेला. बेल्झचे रेब्बे इस्साखार डोव्ह रोकेआख तिथं हवापालटाला आले होते. भावानं चिठ्ठीवर लिहून दिलं: माझ्या बहिणीला ज्यू मुलींना ज्यू मार्गानं शिकवायचंय. रेब्बेंनी दोन शब्द उच्चारले: 'ब्राखा वेहत्सलाखा', आशीर्वाद आणि यश. आधुनिकतेच्या नावानं बोटं मोडणाऱ्या, अत्यंत कडव्या गादीवरून आलेले हे दोन शब्द तिला आयुष्यभर पुरले. पुढं कुणी आडवा आला की हे शब्द ढालीसारखे उपयोगी पडले.

शाळेचं नावही विचार करून ठेवलेलं. सिनाय पर्वतावर देव मोशेला म्हणतो, 'याकोबाच्या घराण्याला सांग, इस्रायलच्या पुत्रांना कळव.' जुने भाष्यकार म्हणतात, यातलं 'याकोबाचं घराणं', हिब्रूत बेत याकोव्ह (साराच्या लोकांच्या उच्चारात बैस याकोव्ह), म्हणजे स्त्रिया. आणि देवानं त्यांना पुरुषांच्या आधी सांगायला सांगितलं. ज्या ग्रंथाचा दाखला देऊन मुलींना दूर ठेवलं, त्याच ग्रंथातून तिनं पाटी लिहिली.

शिकवायचं काय? बायबल आणि त्यावरचं 'राशी' या मध्ययुगीन पंडिताचं भाष्य, प्रार्थनांचे अर्थ, रोजच्या आचाराचे नियम, पूर्वजांची नीतिवचनं, ज्यू इतिहास. तालमूद नाही. मायमोनिडीसनं ठेवलेली फट ती हीच: लिखित भाग चालेल, मौखिक भाग नको. बहुतेक गावांत मुली सकाळी पोलिश शाळेत जायच्या आणि दुपारनंतर बैस याकोव्हमध्ये यायच्या. शाळेत यिद्दिश बोलायचं, हा साराचा आग्रह. आणि हीच सारा स्वतःची खासगी रोजनिशी मात्र पोलिशमध्ये लिहायची! ज्या शिक्षणातून मुलींना परत आणायचं, त्याच शिक्षणानं तिची लेखणी घडवली होती.

शिक्षिका कुठून आणायच्या? तिनं आपल्याच पंधरा-सोळा वर्षांच्या मुली तयार केल्या. एखाद्या गावाचं बोलावणं आलं की सारा रेल्वेनं तिथं जायची, बायकांपुढं बोलायची, जागा ठरवायची आणि बरोबर आणलेली एक मुलगी तिथं शिक्षिका म्हणून ठेवून परतायची. परक्या गावात, चाळीस पोरींसमोर, एकटी पंधरा वर्षांची मुलगी उभी. तिच्या आईबापांनी तिला जाऊ दिलं, हे मला शाळेइतकंच नवलाचं वाटतं.

हे काम एकटीच्या ताकदीबाहेर गेलं, तेव्हा अगुदात इस्रायल या धार्मिक ज्यूंच्या राजकीय संघटनेनं शाळा आपल्या छत्राखाली घेतल्या; १९२३ पासून ते अधिकृत झालं. व्हिएन्नाहून जर्मन साहित्याचे अभ्यासक लिओ डॉइचलेंडर मदतीला आले. पैसा, अभ्यासक्रम, शिक्षक-प्रशिक्षण ही घडी त्यांनी बसवली. फ्रँकफर्टहून युडिथ रोझेनबाउम ही शिकलेली तरुणी येऊन शिकवू लागली. क्राकोवमध्ये शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेच्या इमारतीचा पाया १९२७ मध्ये घातला गेला आणि १९३१ मध्ये ती वापरात आली. इथं एक गोष्ट नोंदवायला हवी: संघटना आली तशी सूत्रं पुरुषांच्या हाती गेली. सभेतली भाषणं, निधी, ठराव त्यांचे. सारानं त्याबद्दल तक्रार केल्याचं दिसत नाही. ती मुलींत राहिली. त्यांच्यासाठी यिद्दिशमध्ये नाटकं लिहिली, डोंगरात उन्हाळी वर्ग भरवले, त्यांच्याबरोबर गोल धरून नाचली. पुरुषांना रेब्बेंच्या दरबारात जे मिळायचं, ते मुलींना इथं मिळू लागलं.

मग धर्मशास्त्राचं काय झालं? एलिएझरचं वाक्य तर कुणी खोडलं नाही. परंपरा अशा वेळी काय करते, ते बघण्यासारखं आहे. पोलंडातले सर्वमान्य धर्मपंडित इस्रायल मेयर कागान, ज्यांना सगळे 'होफेत्स हाईम' म्हणून ओळखत, त्यांचं म्हणणं असं: ती बंदी जुन्या काळासाठी होती. तेव्हा घराघरात परंपरा जिवंत होती, मुलगी आईवडिलांना बघून शिकायची. आता ती घडी विस्कटलीय आणि मुली परक्या भाषा शिकतायत. अशा वेळी त्यांना शास्त्रग्रंथ शिकवणं हे मोठं पुण्यकर्म. १९३३ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, त्यांनी फ्रिश्टाक गावच्या लोकांना बैस याकोव्हच्या बाजूनं पत्र लिहिलं. नियम तोच, परिस्थिती बदलली, म्हणून निकाल उलटा. स्तोत्रसंहितेतलं एक वचनही कामी आलं: 'देवासाठी कृती करण्याची वेळ आली आहे, त्यांनी तुझा नियम मोडला आहे.' ज्यू विद्वान ते उलटंही वाचतात: देवासाठी कृती करण्याची वेळ आली तर नियम वाकवावा लागतो.

म्हणजे बदल झाला, तो 'आम्ही काहीच बदलत नाही' असं म्हणत. काही अभ्यासकांना यात स्त्रीमुक्तीची क्रांती दिसते, काहींना मुलींना पुन्हा उंबऱ्याआत आणण्याची युक्ती. मला वाटतं, दोन्ही एकदम खरं आहे आणि त्यातलं एक काढून टाकलं तर साराच हाती लागत नाही. तिला मुलींना घरी परत आणायचंच होतं. पण परत आलेली मुलगी पूर्वीची राहिली नाही. तिला ग्रंथ वाचता येत होता, वर्ग सांभाळता येत होता, एकटीनं रेल्वेचा प्रवास करता येत होता, स्वतःचा पगार होता.

सारा कर्करोगानं आजारी पडली आणि १ मार्च १९३५ रोजी गेली. वय ५१. डॉइचलेंडरही त्याच वर्षी गेले. मुली तिला 'सारा इमेनू' म्हणायच्या, सारा आमची आई. बायबलमधली ज्यूंची आद्यमाता सारा हिलाही म्हातारपणापर्यंत मूल नव्हतं.

चार वर्षांनी जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसलं. या शाळांतल्या बहुतेक मुली आणि शिक्षिका नाझींनी मारल्या. वाचलेल्यांनी पुढं पुन्हा शाळा काढल्या. न्यूयॉर्कमध्ये तर साराची विद्यार्थिनी विखना काप्लान हिनं १९३८ पासूनच आपल्या घरात मुलींना शिकवायला सुरुवात केली होती. आज इस्रायलच्या कर्मठ समाजात मुलीनं बैस याकोव्हमध्ये जाणं ही रीतच आहे. नवरा तालमूद शिकत बसतो आणि बायको नोकरी करून घर चालवते, हे तिथलं चित्र या शाळांशिवाय उभंच राहिलं नसतं. आणि पाटी तीच असली तरी सगळं साराच्या मनासारखंच झालं असं नाही. इमॅन्युएल गावच्या बेत याकोव्ह शाळेत युरोपीय वंशाच्या आणि पूर्वेकडून आलेल्या ज्यू मुली वेगवेगळ्या बसवल्या जात होत्या. प्रकरण इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१० मध्ये न्यायालयानं आदेश न मानणाऱ्या पालकांना तुरुंगात पाठवलं.

साराला पुरलं ते क्राकोवच्या प्लाशोव भागातल्या ज्यू दफनभूमीत. १९४२ मध्ये नाझींनी त्याच दफनभूमीवर छळछावणी बांधली. थडग्यांचे दगड उपटून छावणीचे रस्ते फरसबंद केले. त्या छावणीत साराच्या शाळेतल्या काही मुलीही होत्या. त्यांनी आपला गट केला, शब्बाथचे दिवस ध्यानात ठेवले आणि भाकरीचा तुकडा एकमेकींत वाटून घेतला. ज्या मातीत त्यांची शिक्षिका पुरलेली होती, तिच्यावरच त्या रोज हजेरीला उभ्या राहत. छावणी आता नाही. गवताळ उतार आहे, आणि त्यावर सारासाठी नव्यानं उभारलेला एक दगड. बायका त्याच्यापाशी येऊन प्रार्थनेची पुस्तकं उघडतात आणि स्वतः वाचतात.